एक मीटर, नऊ कॉट

सकाळचे सहा. पुण्यातली सदाशिव पेठ. जुन्या इमारतीच्या मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन घरघरतंय. तीन खोल्या, नऊ कॉट, स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून आलेली नऊ मुलं. आणि जिन्याखाली वीजमीटर मात्र एकच.

बिल आलं की बोलणं सुरू होतं.

"काकू, मी दहा दिवस गावी होतो. माझा वाटा तेवढाच कसा?"

"अरे, मशीन कोण किती वेळा लावतं ते मी कुठे मोजत बसू? बिल माझ्या नावावर येतं. थकलं तर मीटर माझा कापतील."

दोघांचंही खरं आहे. मुलाला गावाकडून येणारे पैसे खोलीभाडं आणि मेसमध्येच संपतात. काकूंचं घर या भाड्यावर चालतं.

राग निघतो तो मशीनवर, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फिरतं. पण थंड पाण्यावर कपडे धुणारं मशीन फारशी वीज खात नाही. गिझर खातो. २००० वॅटचा गिझर अर्धा तास तापला, की एक युनिट झालं. तो मोरीच्या दाराआड असतो, म्हणून त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

खरी मेख पुढेच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० पर्यंतची जवळपास दुप्पट दराची. समजा, प्रत्येक खोलीत महिन्याला ९० युनिटं जळली. तीन मीटर असते तर तिन्ही खोल्या स्वस्त टप्प्यातच राहिल्या असत्या. एका मीटरवर ती २७० होतात, आणि त्यातली १७० महाग पडतात. प्रत्येक मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, हे खरं. तरीही फरक उरतो. तो ना काकूंच्या खिशात जातो, ना मुलांच्या. भांडतात मात्र तेच एकमेकांशी.

वेगळं मीटर मागता येतं का? येतं. विद्युत कायदा २००३, कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, कुणीही अर्ज करू शकतो. घरमालक ना-हरकत पत्र देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तो खटला महाराष्ट्रातलाच होता. आणि वाद कितीही चिघळला तरी योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज, अगदी जिन्यातला दिवासुद्धा घरमालकाला तोडता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ तेच सांगतं. हे कलम खूप भाडेकरूंना ठाऊकच नसतं, याचं वाईट वाटतं.

खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला नव्या मीटरचा उपयोग होईल. सहा महिन्यांनी कॉट सोडणाऱ्या मुलाला नाही. त्याच्यासाठी खोलीगणिक सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे जोडलेला छोटा मीटर, बरा. त्याने दराचा टप्पा खाली येत नाही, पण कुणी किती वापरलं ते दिसतं. मोटर, जिन्यातले दिवे आणि मशीन यांचा वाटा कसा पडणार, हे करारातच लिहावं लागेल. आज बहुतेक करारांत एवढंच असतं: 'वीजबिल वेगळे.'

एक तारीख. राहायला आलेला नवा मुलगा सामान जिन्यात ठेवतो आणि आधी मीटरचा फोटो काढतो. काकू चष्मा लावून तोच आकडा वहीत उतरवतात. खाली दोघांची सही.