करंट लिमिट लावली, तरी ट्रिप वेगळीच

प्रयोगशाळेतील डीसी पॉवर सप्लायवर करंटचा आकडा 0.5 ॲम्पिअर भरला की बोर्ड सुरक्षित झाला, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात लोडने त्याहून जास्त करंट मागितला, तर सप्लाय व्होल्टेज खाली आणून करंट अर्ध्या ॲम्पिअरवर धरून ठेवतो आणि पॅनलवर सीव्हीच्या (स्थिर व्होल्टेज) जागी सीसी (स्थिर करंट) दिसू लागते. आउटपुट मात्र चालूच राहते. 12 व्होल्टच्या बोर्डावर 8 ओहमचा अर्धवट शॉर्ट असेल, तर त्या एका टिंबाएवढ्या जागेत 2 वॅट उष्णता आपण चहा पिऊन येईपर्यंत साचत राहते.

आउटपुट तोडण्याचे, म्हणजे ट्रिप करण्याचे, काम ओव्हरकरंट प्रोटेक्शनचे (ओसीपी) आहे, आणि सप्लाय संगणकाच्या प्रोग्रॅमने चालवताना ते बहुतेक सप्लायमध्ये वेगळ्या आज्ञेने चालू करावे लागते. ते चालू केले की पहिली तक्रार येते, ‘बोर्ड चांगला आहे, तरी सप्लाय ट्रिप होतो.’ याचे कारण इनपुटच्या कपॅसिटरमध्ये असते. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अर्ध्या ॲम्पिअरने 12 व्होल्टपर्यंत भरायला 24 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सप्लाय सीसीमध्येच असतो. म्हणून ओसीपीचा विलंब, समजा, 50 मिलिसेकंद ठेवावा. हा विलंब आउटपुट चालू केल्यापासून मोजला जातो की प्रत्येक वेळी सीसीत शिरल्यापासून, हे मॉडेलगणिक बदलते. मॅन्युअलचे तेवढे पान वाचल्याशिवाय प्रोग्रॅम लिहू नये.

ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शनची (ओव्हीपी), म्हणजे व्होल्टेज जास्त झाल्यास आउटपुट तोडणाऱ्या संरक्षणाची, पातळी ठरवताना सेन्सच्या तारा, म्हणजे लोडवरचे व्होल्टेज सप्लायला कळवणाऱ्या वेगळ्या तारा, विसरू नका. लोडला करंट नेणारी आणि परत आणणारी तार प्रत्येकी 0.05 ओहमची असेल, तर 3 ॲम्पिअरला 0.3 व्होल्ट तारांतच पडतात. सेन्स जोडलेला असेल, तर लोडवर 5 व्होल्ट राखण्यासाठी सप्लायच्या टर्मिनलवर 5.3 व्होल्ट येतात, आणि ज्या सप्लायमध्ये ओव्हीपी टर्मिनलवर मोजली जाते, तिथे 5.25 ची पातळी विनाकारण ट्रिप करते.

प्रोग्रॅममध्ये क्रम असा ठेवावा: आउटपुट बंद असतानाच आधी ओव्हीपी, मग करंटची मर्यादा, मग व्होल्टेज, मग ओसीपी, आणि सर्वांत शेवटी आउटपुट चालू. ओव्हीपी जुन्या, खालच्या पातळीवर असताना व्होल्टेज वाढवले, तर काही सप्लाय आज्ञा नाकारतात आणि काही तिथेच ट्रिप होतात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर एररची रांग (सप्लायने नोंदवलेल्या चुकांची यादी) वाचून घ्यावी. ट्रिप झाल्यावर आपोआप क्लिअर करून पुन्हा आउटपुट चालू करणारा लूप मी विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये नेहमी पाहतो, आणि पाहिला की खोडायला लावतो.

या सगळ्या आज्ञांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे. सप्लायच्या आउटपुटवर स्वतःचाही कपॅसिटर असतो. आउटपुट 12 व्होल्टवर चालू ठेवून, 20 मिलिॲम्पिअरच्या मर्यादेच्या भरवशावर एलईडी थेट टेकवला, तर मर्यादा जागी होण्याआधीच तो कपॅसिटर एलईडीत रिकामा होतो.