नळीतला रंग

(दृश्य : गोव्यातला एक अतिदक्षता विभाग, पहाटे साडेचार.)

म्हापशाजवळ स्कूटर घसरून डोक्याला मार लागलेला हा पंचविशीतला मुलगा चौथा दिवस व्हेंटिलेटरवर आहे. सिस्टर त्याच्या नाकातून पोटात गेलेल्या नळीला सिरिंज लावते, हलकेच मागे ओढते, दिव्याखाली धरते. हिरवट-पिवळं पाणी. ठीक आहे. हेच कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी, म्हणजे पोटात रक्तस्राव झाल्याची खूण, आलं असतं, तर तिने आधी डॉक्टरांना उठवलं असतं.

मार डोक्याला, मग लक्ष पोटाकडे कशाला? ‘स्ट्रेस अल्सर’ हा शब्द कानावर पडला की बाहेर बाकावर बसलेल्या आईला वाटतं, पोराने एवढं कसलं टेन्शन घेतलं होतं? इथला ताण मनाचा नव्हे, शरीराचा. जीवावर बेतलं की शरीर रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं आणि जठराच्या वाट्याला कमी येतं. मग आतलं अस्तर दुबळं होतं आणि अन्न पचवणारं आम्ल त्यालाच खाऊ लागतं. तिथे व्रण, म्हणजे अल्सर, पडतात आणि त्यांतून रक्त येऊ शकतं. भाजलेल्या रुग्णांतले असे व्रण लंडनचे सर्जन कर्लिंग यांनी १८४२ मध्ये नोंदवले. आपल्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) पूर्वज असलेली पोर्तुगीज काळातली वैद्यकीय शाळा पणजीत सुरू झाली, तीही १८४२ मध्येच!

धोका सगळ्यांना सारखा नसतो. ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटर, किंवा रक्त गोठण्यात बिघाड, हे दोन मोठे इशारे. अशांना पॅन्टोप्राझोल हे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध देतात. २०२४ मध्ये आठ देशांतल्या, व्हेंटिलेटरवरच्या ४,८२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर रक्तस्राव औषधाविना ३.५ टक्के रुग्णांना झाला, औषध घेणाऱ्यांत १ टक्का. मृत्यूच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. औषध उपयोगी आहे, पण संजीवनी नव्हे. रक्तदाब सांभाळणं आणि जमेल तितक्या लवकर पोटात अन्न जाणं, हेही तितकंच लागतं.

आईने थर्मासमधून पेज आणली आहे.
सिस्टर सांगते, ‘‘पेज नको, आई. पण नळीतून फीड चालू केलंय. पोट रिकामं नाही ठेवलेलं.’’

(दृश्य : वॉर्ड, काही दिवसांनी.)

नळ्या निघाल्यात. खरी गफलत होते ती इथे. आयसीयूत सुरू झालेलं औषध डिस्चार्जच्या कागदावर तसंच उतरतं आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून घरी महिनोन् महिने चालू राहतं.

‘‘डॉक्टर, ती सकाळची गोळी घरी किती दिवस द्यायची?’’
डॉक्टर चार्ट ओढून घेतात, पॅन्टोप्राझोलवर रेघ मारतात.
‘‘आता नको. पेज द्या.’’