कढईतलं तेल, पाचशे चाळीसची टाकी

(पत्र्याच्या डब्याचं जवळून दृश्य)

हा जो डबा दिसतोय ना तुम्हाला, पंधरा किलोवाला, ह्याच्यात भज्याच्या गाडीवरचं उरलेलं तेल आहे. वर तपकिरी तेल, खाली चार बोटं गाळ, त्या गाळात जळकं बेसन, ओव्याचे दाणे, मिरचीच्या बिया, आणि अगदी तळाला पाणी. पाणी डोळ्याला दिसत नाही पण असतंय, कढई विसळताना येतं, उघड्या डब्यावर पाऊस पडला की येतं, आणि इंजिनाचा खरा दुश्मन तेच.

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी भाऊंकडं जुनी महिंद्रा पाचशे चाळीस जीप आहे. रस्त्यावर ती आता निघत नाही, शेतात फिरते, खताच्या बॅगा, ठिबकचे पाईप, कडबा, हीच कामं. आणि ती चालते ह्या डब्यातल्या तेलावर. डिझेल बंद नाही केलेलं, ते का ते सांगतो, पण जास्तीत जास्त वेळ इंजिनात जळतं ते हेच, भज्याचं तेल.

आता बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी जुगाड आहे, यूट्यूबवर बघून केलेलं. तसं नाहीये. डिझेल इंजिनाचा जन्मच असा आहे की त्याला स्पार्क प्लग नाही, सिलिंडरमधली हवा एवढी दाबायची की ती दाबूनच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे पेटायला हवं, फवारा व्हायला हवा, एवढीच अट. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, ऑटो नावाच्या कंपनीने, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकायचा, तिथं कोळसा न पाठवता तिथल्याच तेलावर इंजिनं चालावीत हा हिशोब. 10 ऑगस्टला आपण जागतिक जैवइंधन दिवस पाळतो तेव्हा पोस्ट फिरतात की 1893 ला रुडॉल्फ डिझेलने ह्याच दिवशी शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं, ते बरोबर नाही. त्या दिवशी जर्मनीत ऑग्सबर्गला त्याच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली होती, शेंगदाणा तेल नंतर पॅरिसला आलं.

मग अडचण कुठंय?

(नोझल हातात धरलेलं दृश्य)

अडचण इथं आहे. हे नोझल. ह्याच्या टोकातून तेल धुक्यासारखं बाहेर पडलं पाहिजे. डिझेल पातळ असतं, 40 अंश तापमानाला त्याचा चिकटपणा दोन ते साडेचार सेंटीस्टोक. खाण्याच्या तेलाचा त्याच तापमानाला पस्तीस-चाळीस. एवढं जाड तेल नोझलमधून गेलं की धुकं होत नाही, थेंब पडतात, थेंब पूर्ण जळत नाहीत, आणि न जळलेलं नोझलच्या तोंडाशी कार्बन होऊन बसतं, पिस्टनच्या रिंगांत बसतं, हळूहळू गाडी धूर टाकायला लागते, पिकअप जातो, सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुरते.

भाऊंच्या जीपचं काम जे बघतात ते मिस्त्रीचाचा तीस-पस्तीस वर्षं डिझेल पंप खोलतात. त्यांना विचारलं, चाचा, खरं सांगा, चालतं का हे? ते म्हणाले, "चालतं की. पण लोकं काय करायलेत, सरळ डब्यातलं तेल टाकीत ओतायलेत. चार दिवस गाडी पळती मग पंप जाम. मग म्हणतेत तेल खराब. तेल नाही खराब, तुम्ही गरम केलं नाही, गाळलं नाही."

गरम करणं आणि गाळणं, एवढ्या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे.

आधी गाळणं. डबा आणला की निदान पंधरा दिवस हलवायचा नाही. उन्हात ठेवायचा, मराठवाड्यात उन्हाची काय कमी. गाळ खाली बसतो, पाणी खाली बसतं, मग वरचं वरचं तेल पाईपने ओढून घ्यायचं, तळाचं चार बोटं सोडूनच द्यायचं, तिथं लोभ करायचा नाही. मग जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून, मग जीन्सच्या कापडातून, आणि शेवटी पाच मायक्रॉनच्या फिल्टर पिशवीतून. भाऊंच्या घरी वहिनी हे काम बघतात आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात जाणता माणूस त्याच आहेत. पाणी आहे का हे बघायची त्यांची पद्धत अशी, छोटी लोखंडी पळी चुलीवर चांगली तापवायची आणि तिच्यात चमचाभर तेल सोडायचं. तडतडलं, बुडबुडे आले, तर पाणी आहे, तो डबा परत उन्हात. गपचूप पसरलं तर पास. (पळीचं दृश्य, आवाज तसाच ठेवायचा.) ऐका. हे तडतडलं. हा डबा आज जाणार नाही.

आता गरम करणं. जीपला दोन टाक्या आहेत. मूळची टाकी डिझेलची, आणि मागं एक वेगळी, तेलाची. गाडी सुरू होते डिझेलवरच. इंजिन तापलं की इंजिनातलंच गरम पाणी एका पाईपमधून तेलाच्या टाकीतल्या वेटोळ्यातून फिरतं, तेल सत्तर-ऐंशी अंशाला येतं, पातळ होतं, मग डॅशबोर्डखालचा व्हॉल्व्ह फिरवला की पंपाला तेल मिळायला लागतं. आणि गाडी बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं परत डिझेलवर आणायची म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये डिझेल भरून राहतं, नाहीतर रात्री तेल आत गार होतं आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. घाईत असलेला माणूस हे विसरतो, म्हणून ज्याला घाई जास्त त्याने ह्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ते वेटोळं तांब्याचं करायचं नाही बरं का. तांबं लागलं की तेल लवकर घट्ट व्हायला लागतं, स्टील किंवा ॲल्युमिनियमच बरं.

ऐंशी अंशाला आणलं तरी तेल डिझेलएवढं पातळ होत नाही, दहा-बारा सेंटीस्टोकवर राहतं. म्हणून इंजिन कुठलं आहे ह्याला महत्त्व आहे. पाचशे चाळीसचं 2112 सीसीचं इंजिन मूळ प्यूजोच्या डिझाईनचं, त्यात तेल सरळ सिलिंडरमध्ये न जाता आधी एका छोट्या कप्प्यात जातं, तिथं हवा जोरात घुमत असते, त्यामुळं फवारा थोडा जाड असला तरी खपून जातो. जुनी डिझेल ॲम्बेसिडर, जुनी इंडिका, ह्यांची इंजिनंही अशीच कप्प्यावाली. आताच्या कॉमन रेल गाडीत मात्र हे चुकूनसुद्धा करू नका. तिथं दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो, इंजेक्टरची भोकं अगदी बारीक, आणि एक इंजेक्टर गेला की वाचवलेल्या डिझेलच्या पैशात तो येत नाही. ह्यात मतभेदाला जागा नाही.

(ऑइलची डिपस्टिक, जवळून)

अजून एक गोष्ट, जी व्हिडिओवाले सहसा दाखवत नाहीत. न जळलेलं थोडं तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथं ते तापत राहतं, हवा लागत राहते, आणि एक दिवस सगळं ऑइल जेलीसारखं होतं. मग इंजिन संपलं. जवसाचं तेल लाकडाला लावल्यावर वाळून कडक पापुद्रा धरतं ना, तीच क्रिया. प्रत्येक तेलात ती कमीजास्त असते. आणि इथं मराठवाड्याची गंमत बघा, आपलं घरचं तेल करडईचं, परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुमसारखा वाण दिला, शरीराला चांगलं म्हणून डॉक्टरसुद्धा सांगतात, पण लिनोलिक आम्ल भरपूर असल्याने वाळून घट्ट होण्यात ते पुढं. सोयाबीन, सूर्यफूल त्याच्या मागोमाग. शेंगदाणा बरा. आणि पाम, ज्याला आपण नावं ठेवतो, ते ह्या बाबतीत इंजिनाला सगळ्यात सोसणारं. गाड्यावर जास्त करून पामच असतं, स्वस्त म्हणून. पण डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहावर आला की तेच पाम डब्यात थिजतं, पाईपमध्ये थिजतं, आणि सकाळी अकरापर्यंत ती टाकी काही कामाची नसते. म्हणून भाऊ हिवाळ्यात जीप डिझेलवरच चालवतात, आणि इंजिन ऑइल वर्षभर कंपनीने सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतरातच बदलतात. ह्या खर्चाचा हिशोब धरूनच फायदा मोजायचा.

ह्याला दुसरा रस्ता आहे, बायोडिझेल. तेलाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं मेथेनॉल, त्यात कॉस्टिक सोडा, पंचावन्न-साठ अंशाला हलवत ठेवायचं, ग्लिसरीन खाली बसतं आणि वर जे राहतं ते चार-पाच सेंटीस्टोकचं, जवळजवळ डिझेलइतकं पातळ. दुसरी टाकी लागत नाही. ऐकायला सोपं आहे म्हणून लोक घराच्या मागं ड्रम मांडतात, आणि मला तीच भीती वाटते. मेथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, त्याची वाफ वाईट, आणि पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही. लेकरं फिरतात त्या अंगणात हे करायचं काम नाही. ते कारखान्यातच व्हावं.

कायद्याचं पण बोलून टाकू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय गाडीत करता येत नाही. आरसीवर डिझेल लिहिलेलं असतं. रस्त्यावर असं वाहन चालवलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाऊंची जीप शेताच्या बाहेर येत नाही त्याचं कारण हेच. माझ्या मते जीपपेक्षासुद्धा ह्या तेलाची खरी जागा विहिरीवरची ती जुनी संथ डिझेल इंजिनं, जी कमी आरपीएमवर तासन्तास चालतात, पण तिथंही गाळणं आणि गरम करणं सुटत नाही.

(संध्याकाळ, भज्यांची गाडी, गर्दी)

आता मूळ मुद्दा. हे तेल जीपमध्ये गेलं नसतं तर कुठं गेलं असतं?

ह्या मावशी बसस्टँडसमोर गाडी लावतात. मिरची भजी, आलूबोंडा. त्यांना विचारलं मावशी, उरलेल्या तेलाचं काय करता? त्या म्हणाल्या, "काय करणार बाबा, फेकवतंय का एवढं महागाचं? उद्या त्याच्यातच नवं घालायचं." मोठी हॉटेलं आपलं काळं तेल विकतात, काही साबणवाल्यांना जातं, आणि काही, हे खरं दुखणं आहे, त्यांच्याहून लहान गाडीवाल्याला जातं, स्वस्तात. तिथं परत कढईत. म्हणजे शेवटी ते कुणाच्या पोटात जातं तर रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या, शाळा सुटल्यावर दहा रुपयाची भजी घेणाऱ्या लेकराच्या.

तेल वारंवार तापवलं की त्यात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा नियम आहे, 1 जुलै 2018 पासून, ही संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुको नावाची योजना आली, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी देशातल्या शंभर शहरांत अशा तेलाचं बायोडिझेल घ्यायची तयारी दाखवली, पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये भाव. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलंय. त्याआधी बायोडिझेलसाठी मोगली एरंडावर (जट्रोफा) भर होता, आपल्याकडंही बांधाबांधावर लावला लोकांनी, 2017 पर्यंत 20 टक्क्यांचं लक्ष्य होतं, ते कुठल्या कुठं राहिलं. एरंड पिकवायला जमीन लागते, पाणी लागतं. कढईतल्या तेलाला दोन्ही लागत नाही, ते आधीच आपल्या गावात आहे, आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून पैसे मोजून आणतो.

पण तळणाच्या तेलाच्या नोंदी ठेवायचं बंधन आहे दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना. मावशी त्यात येत नाहीत. सेलू, मानवत, वसमत, औंढा, अहमदपूर, अशा गावांतल्या बसस्टँडवरच्या गाड्या त्यात येत नाहीत, आणि नेमकं तिथलंच तेल परत परत तापतं.

मावशींना विचारलं, कुणी येऊन तेल नेलं तर द्याल का? त्यांनी लगेच भाव विचारला. बरोबरच आहे. लिटरमागं हातात रोख पैसे पडले तर त्या जुन्यात नवं ओतणार नाहीत, कारण मग काळं तेल म्हणजे त्यांच्यासाठी माल झाला. आणि त्यासाठी रोज गाडी फिरवायचीही गरज नाही. आठवडी बाजार आधीच ठरलेले आहेत, कुठं सोमवार, कुठं गुरुवार, त्या दिवशी सगळ्या भज्याच्या, जिलबीच्या, शेवेच्या गाड्या एका मैदानात येतात. तिथं एक छोटा टेम्पो, एक काटा, तेल तपासायचं हातातलं मीटर, चार रिकामे बॅरल आणि बाजार उठायच्या वेळी जागेवर रोख.