फोटोशेजारून मजकूर वाहता ठेवायचा तर: लाटेकमधला रॅपफिगर

हे पान बघा. खासबागच्या मैदानातल्या कुस्तीचा जुना फोटो उजवीकडं, मजकूर डावीकडं. आणि ओळी? एकेका ओळीत दोन-तीन शब्द, मधनं बैलगाडी जाईल एवढ्या फटी. ओळखीच्या एका मास्तरांनी कोल्हापुरातल्या तालमींवर पुस्तक लिहिलंय, त्याचं हे पहिलं प्रूफ. जुळणी माझी, त्यामुळं बोलणीही मीच खाल्ली.

लाटेक म्हणजे पानांची जुळणी करायची संगणक-प्रणाली. त्यातला साधा फिगर, म्हणजे चित्राची चौकट, तरंगतो. पानाच्या माथ्याला, तळाला, कधी पुढच्या पानावर, जागा मिळेल तिथं बसतो. त्याच्या शेजारून मजकूर वाहत नाही. त्यासाठी रॅपफिग हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची पुरवणी, लागतं.

स्क्रीनवर बघा: बिगिन रॅपफिगर, एका महिरपी कंसात बाजू, दुसऱ्यात रुंदी. आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी. पुस्तकाला मात्र मी ओ देतो, बाहेरची बाजू. डाव्या पानावर फोटो डावीकडं जातो, उजव्या पानावर उजवीकडं, बांधणीच्या शिवणीत अडकत नाही. बाजूचं हे अक्षर लहान लिपीतलं असेल तर फोटो तिथंच बसतो, कॅपिटल असेल तर पुढं सरकायची मुभा.

आता त्या फटी. पुस्तक डेमी आकाराचं, मजकुराची रुंदी १० सेंटीमीटर. त्यातले ६ मी फोटोला दिले. मधली मोकळी जागा जाता मजकुराला उरले जेमतेम साडेतीन. त्यात ‘पैलवानांबरोबरच्या’ असला शब्द आला, की तो तुटत नाही आणि उरलेल्या शब्दांमधली जागा ताणली जाते. फोटो ४ वर आणला, पान लगेच शहाणं झालं.

दुसरी खोड ओळींची. फोटो संपला तरी खालच्या दोन ओळी आखूडच राहतात, कारण फोटोशेजारी किती ओळी आखूड ठेवायच्या ही रॅपफिगची मोजणी चुकते. मग बाजूच्या आधी चौकोनी कंसात आकडा आपणच द्यायचा. फोटो ५ सेंटीमीटर उंच, म्हणजे छपाईच्या मापात साधारण १४२ पॉइंट. ओळ १६ पॉइंटची, म्हणून ९ ओळी. फोटोओळीच्या २, मोकळ्या जागेची १. आकडा १२.

क्रमांकाच्या यादीत रॅपफिगर घालू नका, तिथं ते हमखास बिघडतं.

आणि हे सगळं मजकूर पक्का झाल्यावरच करा. काल रात्री मास्तरांनी एक परिच्छेद वाढवला. फोटो पानाच्या तळाला गेला, अर्धा कागदाबाहेर. तिथं मी मजकूर वळवायचा नाद सोडला, फोटो पूर्ण रुंदीचा केला आणि माथ्याला टाकला. मास्तर म्हणाले, “आता कसं, पैलवान दिसायला लागले की!”