रात्रीचा समुद्र आणि वैमानिकाचे डोळे

नमस्कार श्रोतेहो.

जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथलं काम रात्रीही चालू असतं. मध्यरात्री एखाद्या कामगाराच्या छातीत कळ आली, तर त्याला लवकर किनाऱ्यावर आणायला हेलिकॉप्टरच लागतं. रात्रीच्या उड्डाणाचा सराव करतानाच ४ नोव्हेंबर २०१५ रोजी एक डॉफिन हेलिकॉप्टर तिथे समुद्रात कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले.

अपघात म्हटला की आपण आधी इंजिनावर बोट ठेवतो. गिअरबॉक्स किंवा शेपटीचा पंखा दगा देतो, हे खरंच. पण रात्री पाण्यावर धडधाकट यंत्रही पडतं.

२७ डिसेंबर २००६ची इंग्लंडमधली गोष्ट घ्या. मोरकॅम्ब उपसागरात असंच एक डॉफिन समुद्रातून नैसर्गिक वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उतरायला निघालं होतं. ढगाळ, काळीकुट्ट रात्र. समोर प्लॅटफॉर्मचे दिवे, बाकी काहीच नाही. क्षितिज नाही, लाटा दिसत नाहीत. उतरण्याचा कोन चुकतोय की बरोबर आहे, हे ठरवायला सहवैमानिकाच्या नजरेला आधारच उरला नाही. त्याने मदत मागितली, कॅप्टनने ताबा घेतला, पण तोवर हेलिकॉप्टर वेडंवाकडं झुकलं होतं. ते समुद्रात कोसळलं आणि आतले सातही जण दगावले. चौकशीत यंत्रात दोष सापडला नाही.

अशा वेळी कानही फसवतो. तोल सांभाळणारा द्रव आतल्या कानात असतो. वळण संथ आणि एकसारखं असलं, की थोड्या वेळात तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच चाललोय असं वाटतं. मच्छीमार बोटींचे दिवे ताऱ्यांत मिसळले, तर आभाळ कुठे संपलं तेही कळत नाही. मग भरवसा फक्त उपकरणांचा: हेलिकॉप्टर किती झुकलंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज, पाण्यापासूनची उंची सांगणारा रेडिओ अल्टिमीटर. शरीर ओरडून वेगळं सांगत असताना काट्यांवर विश्वास ठेवणं फार कठीण, म्हणून तो सराव पुन्हा पुन्हा लागतो. आणि एकाची नजर बाहेर असेल, तर दुसऱ्याने काट्यांवरून नजर हलवताच कामा नये.

ब्रिटनमध्ये पुढे डेकवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर, उजळलेलं वर्तुळ आणि मधोमध हिरवा 'एच' बसवायला सुरुवात झाली. दुरून ते वर्तुळ चपटं दिसतं आणि किती चपटं, यावरून वैमानिकाला कोन कळतो. आपल्या समुद्रातही ज्या डेकवर रात्री उतरायचं, तिथे असे दिवे असलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.