मेटल ऐकणारे सगळे ‘तसलेच’ असतात का?

नमस्कार मंडळी! मी सोलापूरची आणि मी हेवी मेटल ऐकते, म्हणजे जड, दणदणीत गिटारचं रॉक संगीत. जीव लावून ऐकते. एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले: मग काळा टी-शर्ट कुठाय? टॅटू नाही काढलास? आणि हळू आवाजात, ते सैतानाचं असतंय ना गं?

आधी हे संगीत आलं कुठून ते बघा. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं गाव. टोनी आयोमी हा गिटारवादक तिथं पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ वर्षांचा असताना मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची नेमकी तीच बोटं! पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे त्या सैल केल्या आणि सूर आणखी खाली, जड झाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला, आणि मेटलची सुरुवात तिथूनच मानतात. आपल्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटू नये. मला तरी वाटली नाही.

आता ती दोन बोटांची शिंगं, म्हणजे तर्जनी आणि करंगळी वर करून मेटलवाले करतात ती खूण. मेटलमध्ये ती गाजवली गायक रॉनी जेम्स डिओनं. तो शिकला आपल्या इटालियन आजीकडून, आणि आजी ती करायची वाईट नजर लागू नये म्हणून. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तसंच.

आणि मेटलवाले बिघडलेलेच असतात म्हणता? १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर गाण्यांच्या आक्षेपार्ह शब्दांवर सुनावणी झाली, तिथं ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर साक्षीला गेला. लांब केस, जीन्स. त्यानं शांतपणे सांगितलं: माझं लग्न झालंय, तीन वर्षांचा मुलगा आहे, मी ख्रिश्चन आहे, दारू-सिगारेट-ड्रग्ज घेत नाही.

काळ्या टी-शर्टवर माझा राग नाही. पार्क चौकात अनोळखी पोराच्या छातीवर आपल्या बँडचं नाव दिसलं की मन हरखतं. आपल्या गावात आपलं कुणीतरी आहे, हे कळायला तो शर्टच लागतो.

मला जास्त लागतं ते आपल्याच मेटलवाल्यांचं बोलणं. पंजाबी ड्रेस, केसात गजरा, अशी मुलगी मेटल ऐकते म्हटलं की लगेच परीक्षा: “मग पाच गाणी सांग बघू!” मुलांना असं कुणी विचारत नाही. सोलापुरात आपण आहोतच किती? पुढच्या वेळी तिला एवढंच विचारा, सध्या काय ऐकतेस? आणि ती जे सांगेल ते घरी जाऊन लावा.