किती राख चालेल?

(दृश्य: रात्रीचं आकाश, विमानाच्या समोरच्या काचेवर नाचणारा निळसर प्रकाश)

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत आता पर्थकडे चाललंय. आत २६३ माणसं. जावा बेटाजवळ, ३७ हजार फुटांवर, केबिनमध्ये धूर जाणवायला लागतो, गंधकाचा वास येतो. रडारवर काहीच नाही. आणि बघता बघता चारही इंजिनं एकामागून एक बंद.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती चालू करायची आमची शर्थ चालली आहे. छोटीशी अडचण! इंग्रज माणूस, दुसरं काय म्हणणार.

इंजिनाशिवाय विमान खाली खाली येत राहिलं. तेरा हजार फुटांच्या आसपास एक इंजिन सुरू झालं, मग बाकीची. जकार्ताला उतरताना समोरची काच इतकी घासून निघाली होती की धावपट्टीचे दिवे दिसेनात. कडेला थोडी पट्टी शाबूत राहिली होती, तिच्यातून बघत विमान उतरवलं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली राखेचे कण)

हा प्रताप गालुंगगुंग ज्वालामुखीचा. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. हे दगडाचे आणि काचेचे बारीक, धारदार कण. हवामानाचं रडार पाण्याचे थेंब टिपतं. राख कोरडी, त्यामुळे ती त्याला दिसतच नाही. जेट इंजिनाच्या पोटातल्या उष्णतेनं ती वितळते, त्यामागच्या पात्यांवर चिकटते, तिथे तिची काच होते आणि हवेची वाट अडते. मूडींचं विमान वाचलं, कारण बंद पडलेली इंजिनं थंड झाली आणि तो थर तडकून निखळला.

डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएम या डच कंपनीच्या कोऱ्या जंबोची हीच गत झाली. तेही वाचलं. पुढे जगभरात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली आणि वैमानिकांना एकच सोपा नियम मिळाला: राख असेल तिथे जायचं नाही. किती राख? तो प्रश्नच नव्हता. कितीही.

(दृश्य: आइसलँड, हिमनदीतून उसळणारा काळा लोट)

१४ एप्रिल २०१०. आइसलँडच्या दक्षिण भागात एयाफ्यातलायोकुल हा बर्फाखालचा ज्वालामुखी फुटला. तसा तो फार मोठा स्फोट नव्हे. पण वर हिमनदीचं ओझं. लाव्हा आणि बर्फाचं पाणी एकत्र आलं, लाव्हा क्षणात थिजून भुगा झाला आणि तो भुगा काही किलोमीटर वर उडाला. वारा नेमका आग्नेयेकडे, म्हणजे थेट युरोपवर. गंमत बघा, पहिले काही दिवस खुद्द आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ उघडा होता, आणि बंद पडला लंडनचा हीथ्रो.

अलास्कात राखेला वळसा घालता येतो. युरोपच्या गजबजलेल्या आकाशात वळसा कुठून घालणार? नियमाप्रमाणे देशामागून देश आकाश बंद करत गेले. आठवडाभरात सुमारे एक लाख विमानफेऱ्या रद्द झाल्या आणि जवळपास एक कोटी प्रवाशांचा खोळंबा झाला.

(दृश्य: विमानतळावर जमिनीवर झोपलेले प्रवासी, 'रद्द'नं भरलेला फलक)

अडकलेल्या माणसाच्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे, वर आकाश स्वच्छ. लंडनला लख्ख ऊन पडलेलं आणि काउंटरवरची मुलगी सांगतेय, राखेमुळे विमान नाही. पैसे संपत चाललेले, औषधं सामानात, सामान आत गेलेलं. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल अमेरिकेहून परतताना लिस्बनला उतरल्या, तिथून रोम आणि पुढचा रस्ता मोटारीनं. बार्सिलोनाचा फुटबॉल संघ बसमधून मिलानला गेला आणि ३-१ नं हरला. केनियात निर्यातीचे गुलाब फेकून द्यावे लागले. इकडे मुंबईत सहारलाही युरोपची विमानं रद्द होत होती. शिवाय जेट एअरवेजची अमेरिकेची उड्डाणं ब्रसेल्समार्गे जायची, त्यामुळे न्यूयॉर्कला निघालेलेही लटकले.

मग विमान कंपन्या चिडल्या. जर्मनीच्या लुफ्तान्सानं दहा विमानं प्रवाशांविना फ्रँकफर्टला आणली. ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख विली वॉल्श स्वतः चाचणी उड्डाणात बसले. विमानं सुखरूप उतरली. काही झालं नाही, मग बंदी कशाला, असा सूर निघाला. पण त्याच सुमारास फिनलंडच्या हवाई दलाच्या हॉर्नेट विमानांच्या इंजिनांत राख वितळून चिकटलेली सापडली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. कारण राख सगळीकडे सारखी नव्हती.

अखेर २० एप्रिलला एक आकडा आला. घनमीटरभर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत राख असेल, तर तपासण्या वाढवून उडायला हरकत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी मान डोलावली. त्या रात्री ब्रिटनचं आकाश उघडलं. आकडा चुकीचा होता असं नाही. पण १९८२ नंतर तो ठरवायला अठ्ठावीस वर्षं हाताशी होती, आणि ठरला तो पाच-सहा दिवसांत, तोट्याची रक्कम रोज फुगत असताना. हे मला तरी पटत नाही.

प्रवाशांचा हिशेब त्याहून लांबला. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: ज्वालामुखी असला तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाखाण्याची, राहण्याची जबाबदारी कंपनीचीच, आणि तिला दिवसांची मर्यादा नाही.

(दृश्य: उपग्रहचित्र, अरबी समुद्रावर पसरलेला राखेचा पट्टा)

२३ नोव्हेंबर २०२५. इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख येमेन, ओमान ओलांडून अरबी समुद्रावरून गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे आली. उंचावरून गेली, खाली कुणाला जाणवलीही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं राखेचा भाग टाळायला सांगितलं, अकासा एअरनं जेद्दा, कुवेत, अबू धाबीची उड्डाणं रद्द केली. राखेच्या टापूवरून जाऊन आलेली विमानं एअर इंडियानं तपासणीसाठी थांबवली, आणि विमानंच हाताशी नसल्यानं मुंबई-हैदराबाद, मुंबई-कोलकाता अशा फेऱ्याही रद्द झाल्या. त्या प्रवाशांच्या वाटेत राखेचा कणही नव्हता.